गोरूटीनमधलं क्लोजर: बहुतेक बिलं एकाच फ्लॅटला का गेली आणि बेरीज दर वेळी वेगळी का येते

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीतल्या एका छोट्या कंपनीत गृहनिर्माण संस्थांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर आहे, बॅकएंड गो भाषेत. घोडबंदर रोडवरच्या २४० फ्लॅटांच्या सोसायटीला बिलं पाठवण्यासाठी लूपमध्ये दर फ्लॅटमागे एक गोरूटीन (बाकीच्यांसोबत एकाच वेळी चालणारं छोटं काम) सुरू केलं. बहुतेक बिलं शेवटच्या फ्लॅटला गेली. तोच कोड घरी नवा प्रोजेक्ट करून चालवला तर व्यवस्थित. सीनियरने लूपमध्ये फ्लॅटची पुन्हा नवी प्रत करणारी एक ओळ टाकायला सांगितली, तेवढं सुटलं. पण एकूण रकमेची बेरीज अजूनही दर वेळी वेगळी येते, आणि काही एसएमएस गेलेले नसतानाही लॉगमध्ये ‘सगळे पाठवले’ असं दिसतं. मग आतल्या फंक्शनमध्ये बाहेरचं व्हेरिएबल वापरायचंच नाही का?

वापरायचं की, खुशाल वापरायचं. पण तुमच्या प्रोग्राममध्ये तीन वेगवेगळे दोष आहेत. सीनियरने त्यातला एक बुजवला. तिन्हींचं मूळ मात्र एकच आहे, आणि ते कळलं नाही तर चौथा दोष पुढच्या महिन्याच्या बिलांत निघेल.

तुमच्या वर्णनावरून कोडचा सांगाडा असा दिसतो. सोयीसाठी मराठीत लिहितो:

एकूण = ०
चूक = काही नाही
प्रत्येक फ्लॅटसाठी:
    गोरूटीन सुरू कर:
        बिल = बिल तयार कर(फ्लॅट)
        चूक = एसएमएस पाठव(फ्लॅट, बिल)
        एकूण = एकूण + बिल.रक्कम
सगळी गोरूटीन्स संपेपर्यंत थांब

आतल्या फंक्शनकडे नीट बघा. त्याला एकही पॅरामीटर नाही, म्हणजे कागदोपत्री ते कोणाकडून काहीच घेत नाही. प्रत्यक्षात ते बाहेरची तीन व्हेरिएबल्स वापरतं: फ्लॅट, चूक आणि एकूण. ‘बिल’ तेवढं त्याचं स्वतःचं. कोड रिव्ह्यूला असा तुकडा आला की मी लॉजिक नंतर वाचतो. आधी आतल्या फंक्शनमध्ये न जन्मलेली नावं शोधतो आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो. हे आणखी कोण लिहितंय? आणि बाहेरचं फंक्शन संपल्यावरही हे लागणार आहे का? बाहेरची व्हेरिएबल्स धरून ठेवणाऱ्या अशा आतल्या फंक्शनला क्लोजर म्हणतात. कॉन्करन्सीतले, म्हणजे अनेक कामं एकाच वेळी चालवतानाचे, क्लोजरचे बहुतेक घोळ या दोन प्रश्नांतच सापडतात.

आता पहिला दोष. क्लोजर बाहेरच्या व्हेरिएबलमधली त्या क्षणाची व्हॅल्यू उचलत नाही, ते व्हेरिएबलच धरून ठेवतं. जुन्या गोमध्ये अख्ख्या लूपसाठी ‘फ्लॅट’ नावाचं एकच व्हेरिएबल असायचं आणि दर फेरीला त्यातली व्हॅल्यू बदलायची. म्हणजे २४० जणांना नोटिशीची प्रत द्यायच्या ऐवजी नोटीस बोर्ड कुठे आहे तेवढं सांगितलं. ते बोर्डापाशी पोचेपर्यंत त्यावर शेवटची नोटीस लागलेली. गोरूटीन सुरू करणं आणि ते प्रत्यक्षात धावणं यात वेळ जातो. तेवढ्यात लूप शेवटपर्यंत पोचलेला असतो. म्हणून बहुतेक बिलं शेवटच्या फ्लॅटला गेली, आणि जी एक-दोन गोरूटीन्स लवकर धावली त्यांची बिलं मधल्या कुठल्यातरी फ्लॅटला. तुम्ही ‘बहुतेक’ लिहिलंत, ‘सगळी’ नाही, त्यावरूनच निदान पक्कं झालं.

घरी का चाललं? कोड बदलला नाही, भाषेची आवृत्ती बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ पासून लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. पण हा बदल कंपायलर कितवा आहे त्यावर नाही, तर गो-डॉट-मॉड फाइलमध्ये कोणती आवृत्ती लिहिली आहे त्यावर ठरतो. ऑफिसचा प्रोजेक्ट जुना, त्या फाइलमध्ये बहुधा १.१९ किंवा १.२० असेल. मशीनवर गो अगदी ताजं असलं तरी त्या प्रोजेक्टला जुनेच नियम लागतात. घरी तुम्ही नवं मॉड्यूल काढलंत, फाइल नव्याने तयार झाली, तिच्यात नवी आवृत्ती आली. आत्ता उघडून बघा, मग पुढे वाचा.

हा दोष फक्त नवशिक्यांचा म्हणून सोडून देऊ नका. २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ३० लाखांहून अधिक सर्टिफिकिटं रद्द करायची वेळ आली, ती याच जातीच्या चुकीमुळे. त्यांच्या गो प्रोग्राममध्ये लूपच्या व्हेरिएबलचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ठेवला गेला होता. एका अर्जात समजा दहा डोमेन असले, तर दहा वेगळ्या डोमेनची फेरतपासणी व्हायच्या ऐवजी एकच डोमेन दहा वेळा तपासलं जायचं. तिथे क्लोजर नव्हतं, पण ‘व्हॅल्यू हवी होती, हाती व्हेरिएबल आलं’ हा घोटाळा तोच.

बाकीच्या भाषाही याच रस्त्याने गेल्या आहेत. सी-शार्पने २०१२ च्या पाचव्या आवृत्तीत फक्त फॉर-ईचचा नियम बदलला, साधा फॉर लूप तसाच ठेवला. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ ला ‘लेट’ आलं आणि ‘व्हार’ने होणारा हा त्रास संपला. पायथनने अजून काही बदललेलं नाही. तिथे थ्रेडपूलला लॅम्डा (निनावी फंक्शन) द्यायच्या ऐवजी फंक्शन आणि फ्लॅट वेगवेगळे सबमिट करायचे, म्हणजे त्या क्षणाची व्हॅल्यू सोबत जाते.

आता मुळाकडे येतो. फंक्शनच्या आत फंक्शन ही कल्पना अल्गोल ६० इतकी जुनी, पास्कलमध्येही होती. तिथे आतलं फंक्शन बाहेरचं चालू असतानाच चालायचं, त्यामुळे बाहेरची व्हेरिएबल्स स्टॅकवर (फंक्शन संपलं की मोकळ्या होणाऱ्या मेमरीत) असली तरी बिघडत नव्हतं. पीटर लँडिनने १९६४ मध्ये क्लोजरची कल्पना मांडली: फंक्शनचा कोड आणि त्याच्या भोवतालची व्हेरिएबल्स यांची एकत्र मोट. १९७५ च्या स्कीम भाषेने ती सर्रास वापरात आणली. तेव्हापासून प्रश्न हा, की बाहेरचं फंक्शन संपून गेलं आणि आतलं अजून जिवंत असेल तर त्या व्हेरिएबल्सचं काय करायचं? दुसऱ्या थ्रेडवर आतलं फंक्शन सोडून दिलं की हा प्रश्न रोजचाच होतो.

प्रत्येक भाषेचं उत्तर वेगळं आहे, आणि भाषेचा स्वभाव मला तिथेच कळतो. जीसीसी हा कंपायलर सी भाषेत नेस्टेड फंक्शनची (फंक्शनच्या आत फंक्शनची) सोय जादा म्हणून देतो. पण बाहेरचं फंक्शन परतल्यावर त्याच्या आतल्याला पॉइंटरने हाक मारली तर काय होईल याची हमी नाही. शिवाय असा पॉइंटर घेतला की स्टॅकवर चालवण्याजोगा कोडचा तुकडा तयार करावा लागतो, जे सुरक्षेच्या दृष्टीने कोणालाच आवडत नाही. थ्रेडसाठी ते वापरू नका, विषय संपला. सी++ मध्ये लॅम्डाला ‘सगळं रेफरन्सने घे’ असं सांगून थ्रेड डिटॅच केलात, तर तो थ्रेड मेलेल्या स्टॅकवर वाचत बसतो, आणि टेस्टिंगमध्ये बरेचदा बरोबर उत्तरही देतो. जावा आतल्या फंक्शनला व्हॅल्यूची प्रत देते आणि म्हणून ते व्हेरिएबल नंतर बदलू देत नाही. जावा ८ पासून ‘फायनल’ लिहिलं नाही तरी चालतं, पण नियम तोच. मग लोक काय करतात? एका घराचा अ‍ॅरे करतात आणि त्यातला आकडा बदलतात. कंपायलर गप्प बसतो आणि ज्या रेसपासून (एकाच व्हेरिएबलला दोघांनी एकदम हात लावण्याच्या घोळापासून) तो वाचवत होता ती मागच्या दाराने आत येते. काही आयडीई तर ही युक्ती स्वतःहून सुचवतात, ते मला पटत नाही. रस्ट सरळ नकार देते: नव्या थ्रेडला दिलेल्या क्लोजरने जास्त काळ न टिकणारी गोष्ट उसनी घेतली असेल तर कंपाइलच होत नाही. एक तर ‘मूव्ह’ लिहून मालकी देऊन टाका, नाहीतर थ्रेड संपेपर्यंत थांबणारा स्कोप वापरा. तो २०२२ च्या १.६३ आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीत आहे. गंमत म्हणजे हे ‘मुलं संपल्याशिवाय बाप जागचा हलत नाही’ तत्त्व अ‍ॅडा भाषेत १९८३ पासून आहे: ब्लॉकमध्ये टास्क जाहीर केलं की ते संपल्याशिवाय ब्लॉकमधून बाहेरच पडता येत नाही.

आणि गो? गो अडवतही नाही आणि कोसळतही नाही. व्हेरिएबल आतल्या फंक्शनच्या हाती लागून बाहेर राहणार असं कंपायलरला दिसलं की तो ते गुपचूप हीपवर (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) ठेवतो. लेखकाला सोय वाटते. पण ते व्हेरिएबल आता दोन गोरूटीन्समध्ये सामायिक झालं, हे कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. तुमच्या उरलेल्या दोन दोषांचं घर हेच. १.२२ ने फक्त लूपच्या व्हेरिएबलचा बंदोबस्त केला. ‘एकूण’ आणि ‘चूक’ लूपच्या बाहेर जन्मलेली आहेत, त्यांना त्या बदलाचा काडीचाही उपयोग नाही.

बेरीज का चुकते ते आकड्यांत बघू. ‘एकूण’मध्ये आत्ता ४५,००० आहेत. एक गोरूटीन ते वाचतं, ३,२०० मिळवतं, ४८,२०० होतात. ते लिहिण्याआधीच दुसऱ्याने ४५,००० च वाचलेत. त्याने २,८५० मिळवले, ४७,८५० झाले. पहिल्याने ४८,२०० लिहिलं, लगेच दुसऱ्याने त्यावर ४७,८५० लिहिलं. ३,२०० गेले. बिल गेलं, एसएमएस गेला, फक्त बेरजेत ते घर नाही. वाचणं, मिळवणं, लिहिणं या तीन पायऱ्या एका ओळीत दिसतात म्हणून एका दमात होत नाहीत. लॅपटॉपवर वीस फ्लॅटांवर चालवलंत तर कदाचित कधीच चुकणार नाही, २४० वर चुकेल. सोसायटीच्या खजिनदाराला याचं तांत्रिक कारण सांगून उपयोग नाही, त्यांना ताळा जुळलेला हवा असतो.

‘आमची भाषा एकाच थ्रेडवर चालते’ असं म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. जावास्क्रिप्टमध्ये ‘एकूण’मध्ये थेट अवेटचा (एखादं काम संपेपर्यंत थांबून मिळालेला) निकाल मिळवणारी ओळ लिहिलीत, तर डावीकडचा आकडा अवेटच्या आधी वाचला जातो आणि लिहिला जातो नंतर. मधल्या काळात दुसऱ्याने केलेली भर पुसली जाते. थ्रेड एकच, तरी पैसे गायब. निकाल आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मग मिळवा. पायथनमध्ये जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) आहे म्हणून अशी ओळ सुरक्षित, हाही समज सोडा. २०२४ च्या ३.१३ पासून जीआयएलशिवायची बांधणीही मिळते, तिथे हे आणखी उघडं पडेल.

आता ‘चूक’. बेरजेचा दोष निदान दिसतो, हा दिसतच नाही, म्हणून तिन्हींत मला हा सगळ्यात घातक वाटतो. ३०२ चा एसएमएस अडला, त्याच्या गोरूटीनने ‘चूक’मध्ये एरर ठेवली. पुढच्या क्षणी ३०३ चा एसएमएस गेला आणि त्याने त्याच व्हेरिएबलवर ‘काही नाही’ लिहिलं. शेवटी तुम्ही तपासता तेव्हा काहीच नाही, म्हणून लॉगमध्ये ‘सगळे पाठवले’. गोमध्ये हा सारा फरक एका कोलनचा असतो: कोलन लावलात तर आत नवं व्हेरिएबल जन्माला येतं, नाही लावलात तर बाहेरचं वापरलं जातं. रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून कोलन सहज सुटतो. शिवाय गोमध्ये एरर ही इंटरफेस आहे, ती मेमरीत दोन शब्दांची असते. दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचा प्रकार आणि दुसऱ्याचा डेटा अशी भेसळसुद्धा होऊ शकते.

दुरुस्तीसाठी बहुतेक जण पहिल्यांदा लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावतील. लॉक चालेल, पण तो फक्त मिळवण्याच्या ओळीभोवती. एसएमएस पाठवण्यासकट सगळं लॉकच्या आत घेतलंत तर २४० गोरूटीन्स एकामागे एक रांगेत उभी राहतील आणि कॉन्करन्सी नावापुरती उरेल. माझा कल मात्र सामायिक करणंच टाळण्याकडे आहे:

निकाल = २४० घरांची रिकामी यादी
प्रत्येक (क्रमांक, फ्लॅट) साठी:
    गोरूटीन सुरू कर, क्रमांक आणि फ्लॅट पॅरामीटर म्हणून देऊन:
        बिल = बिल तयार कर(फ्लॅट)
        नवी चूक = एसएमएस पाठव(फ्लॅट, बिल)
        निकाल[क्रमांक] = (बिल.रक्कम, नवी चूक)
सगळी गोरूटीन्स संपेपर्यंत थांब
निकाल वाचून बेरीज कर, अडलेल्या फ्लॅटांची यादी काढ

‘निकाल’ अजूनही बाहेरचाच आहे, पण प्रत्येक जण फक्त स्वतःच्या घरात लिहितो, आणि वाचन सगळे थांबल्यानंतरच होतं. स्लाइसच्या (गोमधल्या अशा यादीच्या) वेगवेगळ्या घरांत एकाच वेळी लिहायला गोची परवानगी आहे. मॅपला (किल्लीवरून व्हॅल्यू शोधणाऱ्या कोशाला) मात्र नाही. दोन गोरूटीन्सनी एकदम मॅपमध्ये लिहिल्याचं रनटाइमने पकडलं तर प्रोग्राम तिथेच मारला जातो आणि रिकव्हरही करता येत नाही. अपेंडही (यादीच्या शेवटी भर घालणंही) करू नका, त्यात स्लाइसची लांबी सामायिक होते. क्रमांकही पॅरामीटर म्हणूनच द्या, कारण जुन्या नियमांत तोही लूपचाच असतो. वेटग्रुप (किती गोरूटीन्स संपायची आहेत हे मोजून थांबणारं साधन) वापरत असाल तर मोजणी वाढवणारी ओळ गोरूटीनच्या बाहेर, सुरू करण्याआधी हवी. आत ठेवलीत तर एकही गोरूटीन धावायच्या आत वाट बघणं संपू शकतं. गो १.२५ मध्ये वेटग्रुपलाच गोरूटीन सुरू करणारी मेथड आली आहे, ती ही भानगड संपवते. आणि २४० एकदम सोडू नका. एररग्रुप (गोरूटीन्सचा गट चालवून त्यांची एरर परत देणारं साधन) वापरला तर एका वेळी किती चालतील याला मर्यादा घालता येते, दहा-वीस पुरे. एसएमएस गेटवेवाले तुमचे आभार मानतील.

सुरुवातीच्या दोनांतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे व्हेरिएबलच्या आयुष्याच्या प्रश्नाकडे, तुम्ही अजून पोचला नाहीत, पण पोचालच. सेक्रेटरींनी ‘बिलं पाठवा’ बटण दाबलं की ब्राउझर ताटकळू नये म्हणून तुम्ही हँडलरमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) गोरूटीन सोडून लगेच उत्तर द्याल. त्या गोरूटीनने रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट (काम कधी थांबवायचं ते सांगणारा ऑब्जेक्ट) धरून ठेवलेला असेल, आणि हँडलर परतताच तो कॉन्टेक्स्ट रद्द होतो. त्यावर विसंबलेली डेटाबेस क्वेरी, एसएमएसची विनंती, सगळं अर्ध्यात तुटतं. रद्द होण्यापासून सोडवलेली प्रत घ्यायला १.२१ पासून वेगळं फंक्शन आहे. जिन फ्रेमवर्क वापरत असाल तर जास्त जपा: तिथला कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट पूलमधला असतो, तुमची रिक्वेस्ट संपली की तो दुसऱ्या रिक्वेस्टला दिला जातो. मानपाड्याच्या सोसायटीसाठी सोडलेलं गोरूटीन मग वाशीच्या सोसायटीची माहिती वाचेल. गोरूटीनमध्ये द्यायच्या आधी त्याची कॉपी करा, किंवा त्याहून बरं, हवा तेवढा सोसायटीचा नंबर काढून तोच पॅरामीटर म्हणून द्या.

तुमचा मूळ प्रश्न, बाहेरचं वापरायचंच नाही का. याला उलटी बाजू आहे आणि ती लोक विसरतात. बाहेरचं व्हेरिएबल लपवून ठेवण्याचं क्लोजरइतकं सोपं साधन दुसरं नाही. एक फंक्शन लिहा, त्यात ‘एकूण’ आणि एक म्युटेक्स (म्हणजे लॉक), आणि त्यातून दोन आतली फंक्शन्स परत द्या: एक ‘जमा कर’, एक ‘किती झाले सांग’. दोन्ही लॉक घेऊनच काम करतात. बाहेरच्या कोणाकडेही ‘एकूण’चं नावच नाही, त्यामुळे लॉक न घेता त्याला हात लावायची सोयही नाही. तुमच्या कोडमध्ये घात केला तो हाच गुण इथे राखण करतो, कारण इथे सामायिक काय आहे हे लिहिणाऱ्याने ठरवून ठेवलंय. म्हणून माझा नियम साधा आहे: गोरूटीनमध्ये जाणारं क्लोजर एका नजरेत मावलं पाहिजे. स्क्रीनभर पसरलं की त्याला नाव द्या, वेगळं फंक्शन करा. मग कंपायलरच प्रत्येक बाहेरची गोष्ट पॅरामीटर म्हणून मागून घेईल.

गोचा रेस डिटेक्टर १.१ पासून सोबत येतो; टेस्ट चालवताना रेसचा फ्लॅग द्यायचा इतकंच. सामायिक मेमरी कोणत्या गोरूटीनने कोणत्या ओळीत वाचली, कोणाने लिहिली आणि ती गोरूटीन्स कुठे जन्मली, तिन्ही छापून देतो. मेमरी ५ ते १० पट आणि वेळ २ ते २० पट लागतो, म्हणून प्रॉडक्शनवर कायमचा ठेवू नका. जो कोड धावला त्यातलीच रेस तो पकडतो, त्यामुळे तीन फ्लॅटांची टेस्ट पुरणार नाही. बनावट गेटवे लिहा, तो मधूनच एरर देईल असं करा, आणि २४० ची टेस्ट लावा. ‘एकूण’ आणि ‘चूक’ दोन्हींची ओळ पहिल्याच झटक्यात दिसायला हवी.

क्रम असा ठेवा. आधी ती टेस्ट लिहून डिटेक्टरखाली नापास होताना बघा. मग निकालाच्या यादीची दुरुस्ती. गो-डॉट-मॉडमधली आवृत्ती सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कमिटमध्ये वाढवा, कारण त्या एका ओळीने अख्ख्या मॉड्यूलमधल्या प्रत्येक लूपचा अर्थ बदलतो. एखादी जुनी टेस्ट त्यानंतर पडली तर नेमक्या कोणत्या लूपमुळे हे शोधायला गो टीमचं बायसेक्ट नावाचं टूल आहे. सीनियरने सांगितलेली प्रतीची ओळ तोवर राहू द्या, १.२२ नंतरही तिने काही बिघडत नाही. आणि पुढचं बिलिंग या सगळ्याआधी आलं, तर तो महिना सरळ एकामागून एक लूपने पाठवा. २४० एसएमएसना तसेही फार वेळ लागत नाही.